सहाव्या धड्यातली बारा पानं

एप्रिल लागला की आमच्याकडे दोन गोष्टी न चुकता होतात. अंगणातला कडुनिंब फुलतो आणि 'वाचक परिवार' जागा होतो. कडुनिंबाबद्दल माझी तक्रार नाही. तो वर्षभर मुकाट उभा असतो, वेळ आली की फुलतो, फुलं गळायला लागली की अंगण दोनदा झाडावं लागतं, एवढंच. परिवाराचं तसं नाही. आज सकाळी मी चहा गाळत होते, तेवढ्यात फोन वाजायला लागला आणि थांबेचना. 'सर्व वाचक बंधू-भगिनींना मंगल प्रभात. परीक्षा जवळ आल्या आहेत. चला, सेवेचा यज्ञ पुन्हा प्रज्वलित करू या.' खाली कमळात बसलेला सूर्य आणि त्याच्याखाली चौदा जणांचे जोडलेले हात. यंदा दर्यापूरकडची एक मुलगी आहे म्हणे, तिला इतिहासाचं पुस्तक वाचून हवं आहे. दुपारपर्यंत सत्तावीस मेसेज आले. पुस्तकाचं नाव त्यांतल्या एकातही नव्हतं.

हा परिवार करतो काय, ते आधी सांगते. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी हे लोक अभ्यासाची पुस्तकं वाचतात आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतात. काम चांगलं आहे, त्यात वादच नाही. फोटो काढून पुस्तक वाचून दाखवायची सोय आता फोनमध्येच असते, पण आपल्या जुन्या छपाईतली जोडाक्षरं समोर आली की ते यंत्र जे अडखळतं ते वाक्याच्या शेवटापर्यंत सावरत नाही. म्हणून माणूस लागतो. खरं तर परिवाराला आधी लेखनिक व्हायचं होतं, म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये बसून मुलांनी सांगितलेलं उत्तर लिहून द्यायचं. त्यात फोटो चांगला येतो. पण लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा लागतो, असं कळलं आणि सगळ्यांची पंचाईत झाली. प्राचार्य, वकील, डॉक्टर, पीएचडी. अख्ख्या परिवारात कमी शिकलेलं कुणी सापडेना. वाचनावर ते असे नाइलाजाने आले.

मी या लोकांत कशी, तर मी ग्रंथपाल होते. मूर्तिजापूरच्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं काढली. रोज अमरावतीहून बडनेरा, तिथून गाडीने मूर्तिजापूर, आणि संध्याकाळी परत. एकोणतीस वर्षं लोकांना गप्प बसवणं हाच धंदा, त्यामुळे बोलघेवड्या माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही, हे कबूल करून टाकते.

नसरीन नावाची मुलगी याच कॉलेजातली. तिचे वडील युनूसभाई गाद्या भरतात. घरात वाचता येणारे ते एकटे, आणि तेही उर्दू. मराठी वाचणारं घरात कुणी नाही. नसरीनला जन्मापासून दिसत नाही. शाळा झाली ती अकोल्याच्या बाजूच्या एका निवासी शाळेत, मराठीतून, म्हणून तिचं बोलणं चोख वऱ्हाडी. दुपारच्या वेळी ती लायब्ररीत येऊन पंख्याखाली बसायची. तिला पानं उलटल्याचा आवाज आवडायचा. कोण नुसतंच पानं उलटून राहिलं आणि कोण वाचून राहिलं, हे तिला आवाजावरून कळायचं आणि ते ती मला हळूच येऊन सांगायची.

परिवार सुरू झाला त्या एप्रिलात तिचा बी.ए.चा एकच विषय राहिला होता, अर्थशास्त्र. आणि तिच्या त्या जुन्या शाळेत लहान मुलांना शिकवायची एक जागा जूनमध्ये भरायची होती. तिथल्या मोठ्या बाईंनी तिला निरोप धाडला होता, की पदवी घेऊन ये, जागा तुझी. मूर्तिजापुरात घराच्या ओसरीवर कापसाच्या गाद्यांना टाके घालत बसणं, किंवा अकोल्याला जाऊन मास्तरीण होणं. मध्ये एवढा एक पेपर उभा होता. तिला परिवाराकडे मी नेलं, माझ्या हाताने.

पहिली बैठक अमरावतीत तारे सरांकडे झाली. तारे सर निवृत्त प्राचार्य. निवृत्त प्राचार्याला घरी कुणी बोलू देत नाही, त्यामुळे बाहेर त्याला अध्यक्ष करावं लागतं. गटाला नाव काय द्यायचं, यावर दोन तास चर्चा झाली. 'नेत्रांजली' नको, डोळ्यांचा दवाखाना वाटतो. 'ज्ञानगंगा' नको, ते कुणीतरी आधीच घेतलंय. शेवटी 'परिवार' हा शब्द सर्वानुमते मंजूर झाला आणि तो मात्र अगदी योग्य ठरला, कारण भांडणं पुढे घरच्यासारखीच झाली. मग बॅनरचा रंग. मग बॅनरवर कुणाचे फोटो आणि कुठल्या क्रमाने. पुस्तक तेवढा वेळ टेबलावर होतं. त्यावर कुणीतरी चिवड्याची बशी ठेवली होती. मी बशी उचलली, पुस्तकावरचं तेल पदराने पुसलं. ते कॉलेजच्या लायब्ररीतलं पुस्तक होतं, एकच प्रत, मी जुन्या ओळखीवर माझ्या नावाने आणलेली.

अकोल्याची बाजू गावंडे वकिलांकडे. आता अमरावती आणि अकोला यांचं काय आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. विद्यापीठ अमरावतीला, म्हणून अकोल्याचं तोंड कडू. आणि ऊन अकोल्यात जास्त, तर त्याचाही अकोल्याला अभिमान. पुस्तकात धडे अकरा. पाच अमरावतीने वाचावेत, पाच अकोल्याने, इथपर्यंत आनंदीआनंद होता. राहिला मधला सहावा, शेतमालाच्या बाजारपेठेचा. धडा मोठा आणि परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा, म्हणून तारे सरांना तो हवा. तारे सरांना हवा, म्हणून गावंडे वकिलांनाही हवा. गावंडे फोनवर म्हणाले, "आमी काय फक्त उरलंसुरलं वाचाचं काय?" भावाभावांनी शेताच्या धुऱ्यावरून भांडावं, तसे चार दिवस भांडले आणि अखेर धडा मधोमध कापला. एकशे अठराव्या पानापर्यंत अमरावती, एकशे एकोणिसाव्या पानापासून अकोला. गावंड्यांनी हे लेखी मागितलं. तारे सरांनी परिवाराच्या लेटरहेडवर लिहून दिलं. पुस्तक वाचायच्या आधी लेटरहेड छापून झालं होतं, यावरून काय ते समजावं.

आणि मग ती रेकॉर्डिंगं. आजही एप्रिलच्या दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून अंधारात पडलं की ते आवाज माझ्या कानात येतात. मी ती सगळी ऐकली होती, नसरीनला पाठवण्याआधी तपासायची म्हणून. तारे सर प्रत्येक धड्याआधी स्वतःची ओळख करून द्यायचे, पदव्यांसकट, आणि मग एक श्लोक. धडा सुरू व्हायला सहा मिनिटं लागत. सुधाताई तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत कामं करायच्या. त्यांनी चलनवाढ अशी वाचली, की घरात कुणी गेलं असावं. गावंडे वकिलांच्या मागे कूलर चालू. अकोल्याच्या एप्रिलात अर्धा तास कूलर बंद ठेवून वाचणं हाच खरा त्याग असतो, आणि तो कुणाला झेपला नाही. गव्हाचे भाव, कापसाची आवक, हमीभाव, सगळं त्या घरघरीत बुडालेलं. एका डॉक्टरांनी गाडी चालवता चालवता वाचलं. मध्ये ते कुणाला तरी "अबे, दिसत नाही काय?" असं म्हणाले आणि ते तसंच राहून गेलं.

तक्ते हा एक स्वतंत्र विषय. अर्थशास्त्राचं पुस्तक म्हणजे अर्धे तक्ते. ते वाचणं कंटाळवाणं असतं, मान्य आहे. तारे सरांनी त्यावर तोडगा काढला. तक्ता आला की ते गंभीर आवाजात सांगायचे, 'येथे एक तक्ता दिलेला आहे, तो विद्यार्थ्यांनी नजरेखालून घालावा.' नसरीनने मला फोन केला तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती.

"मॅडम, तारे सर मले नजरेखालून घाल म्हणून राहिले."

मीही हसले. मग तो किस्सा मी चार ठिकाणी सांगितला. दर वेळी लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं.

नसरीन त्या आवाजांतून या लोकांच्या घरात जाऊन आली होती. तारे सरांकडे सकाळी नऊला कुकरच्या तीन शिट्या होतात. सुधाताईंकडे कुणीतरी म्हातारं माणूस आहे, ते सारखं खोकतं आणि सुधाताई त्याला पाणी द्यायला उठत नाहीत, वाचत राहतात. वकीलसाहेबांची बायको त्यांना 'अहो' म्हणत नाही, नावाने हाक मारते. हे सगळं ती मला सांगायची. त्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. प्रत्येकाला वेगळा, नाव घेऊन आभार मानलेला तिच्या आवाजातला मेसेज. तो ते आपापल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायचे. तिने एकोणीस जणांना एकोणीस मेसेज केले. अभ्यासाचा एक दिवस त्यात गेला.

पेपरला नऊ दिवस उरले असताना तिने परिवाराच्या ग्रुपवर बोलून पाठवलं. ते मला शब्दन् शब्द आठवतं. "नमस्कार सर, नमस्कार मॅडम. सहाव्या धड्यात मधात काहीतरी तुटलं हाये. अमरावतीवाले सर अडत्यापाशी थांबले अन् अकोल्याचे सर एकदम गोदामापासून सुरू झाले. मधातलं कोणी वाचून देईन का?"

एवढंच. सरळ प्रश्न होता आणि उत्तर अर्ध्या तासाचं होतं.

तारे सरांनी लिहिलं, की अमरावतीचं काम पान क्रमांक एकशे अठरापर्यंत बिनचूक पूर्ण झालेलं आहे. गावंडे वकिलांनी लिहिलं, की अकोल्याचं काम पान क्रमांक एकशे एकोणिसापासून सुरू होतं, ठरल्याप्रमाणे, आणि लेटरहेडचा फोटो टाकला. सुधाताईंनी लिहिलं, की मुलीकडून ऐकण्यात चूक झाली असेल, तिने पुन्हा शांतपणे ऐकावं. कुणीतरी म्हटलं, मुलं हल्ली फार अपेक्षा ठेवतात. एक गृहस्थ पहिल्या दिवसापासून ग्रुपवर फक्त सुविचार टाकत होते. त्यांनी त्या दिवशीही सुविचार टाकला.

तपासताना कूलरच्या घरघरीत ती फट माझ्याही कानातून निसटली होती, पण आता मला लगेच कळलं. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे कळायलाच हवं. आमची प्रत जुन्या आवृत्तीची. अकोल्याने बाजारातून नवी आणलेली असणार, बारीक टायपात पुन्हा जुळवलेली. नव्यातलं एकशे एकोणिसावं पान म्हणजे जुन्यातलं एकशे एकतिसावं. मधली बारा पानं दोन गावांच्या शिवेवर पडून राहिलेली. पण या लोकांना नुसतं सांगून पटलं नसतं, त्यांना पुरावा हवा होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून अकोल्याला गेले. जुनं पुस्तक पिशवीत होतं. मूर्तिजापूरला गाडी दोन मिनिटं थांबली तेव्हा मी खिडकीतून पाण्याची बाटली घेतली. अकोल्यात उतरले तर डोक्यावर ओला रुमाल ठेवल्याशिवाय चालवेना. दुकानात जाऊन नवी आवृत्ती विकत घेतली आणि तिथल्याच बाकावर बसून दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडी टाकली. माझा अंदाज अक्षरशः पानापर्यंत बरोबर निघाला. त्या उन्हात मला जो आनंद झाला, तो मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

परतीच्या गाडीत मी मेसेज लिहायला घेतला. बडनेरा आलं तरी तो पुरा झाला नव्हता. आधी दोन्ही पुस्तकांच्या पहिल्या पानांचे फोटो. मग जुन्या पानाला नवं पान कुठे येतं, त्याचं टिपण. मग आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक. शेवटी मी लिहिलं, की ज्यांनी पुस्तक न बघता पानांचे करार केले, त्यांनीच आता ही बारा पानं वाचून द्यावीत, हे त्यांचं नैतिक कर्तव्य आहे. एका बाईंनी टाळ्या पाठवल्या. मी तो मेसेज रात्री पुन्हा दोनदा वाचला.

मग तर रणधुमाळीच. तारे सरांचं म्हणणं, अमरावतीची प्रत आधी आली, तर आवृत्ती तीच धरायला हवी होती. गावंडे म्हणाले, अभ्यासक्रमात नवी आवृत्ती लावलेली आहे, अमरावतीनेच जुनाट पुस्तक वापरून घोळ केला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. मी दोघांनाही उत्तरं देत होते, मुद्देसूद आणि परिच्छेद पाडून. त्यावर ऑनलाइन बैठक झाली. तारे सर वीस मिनिटं बोलले आणि त्यांचा माइक बंद होता. कुणी त्यांना सांगितलं नाही, मीही नाही. बैठकीत तिघांची एक उपसमिती नेमली गेली, पुढच्या वर्षांसाठी आवृत्ती निश्चित करण्याकरता. तिचं अध्यक्षपद मला देऊ केलं. मी नाही म्हटलं, पण लगेच नाही म्हटलं असं नाही.

त्या दिवसांत नसरीनचा एकदा फोन आला. "मॅडम, झालं का काही?" मी म्हटलं, "तू अभ्यास कर. मी यांना असं सोडत नाही." ती म्हणाली, "बरं."

पेपरच्या दिवशी वारा भट्टीतून आल्यासारखा होता. दुपारी तिने कळवलं, की त्या तुटलेल्या भागावर एक मोठा प्रश्न आला होता आणि तिने आवकेचं जे आठवलं ते सांगून लिहवून घेतलं. जूनमध्ये निकाल लागला. चार मार्कांनी गेली. शाळेची जागा दुसऱ्या कुणी भरली, तेही एका अर्थाने बरोबरच, कारण मुलांना मास्तर हवा असतो, त्याची कारणं नको असतात. मी पुस्तक कॉलेजात परत केलं. हिवाळी परीक्षेत ती पास झाली, आजही घरीच असते, दोन-तीन मुलांची शिकवणी घेते. त्या शाळेत पुन्हा जागा निघालेली नाही.

आज ग्रुप चाळताना वाटतं, फुकटच्या कामाइतकं अवघड काम नाही. पगाराच्या कामात साहेब असतो, त्याला शिव्या घालत का होईना माणूस ठरलेलं करून मोकळा होतो. इथे साहेब कुणीच नाही आणि मान सगळ्यांना हवा. आणि तो मान देणार कोण, तर ज्याच्यासाठी काम करायचं तो. आंधळ्या पोरीकडून हे लोक आभार गोळा करत होते, आणि तेही आगाऊ. आत्ता, मी हे लिहीत असताना, दर्यापूरच्या मुलीचं इतिहासाचं पुस्तक बाजूला पडून वाचकांना प्रमाणपत्र द्यावं की सन्मानचिन्ह, यावर चर्चा रंगली आहे. कुणीतरी लाकडी चिन्ह नको म्हणालं, वाळवी लागते. मला या माणसांची कीव येत नाही, मला त्यांचा मनापासून तिटकारा आहे. तरी मी ग्रुप सोडत नाही. मला राग हवा असतो, आणि इतका खात्रीचा राग दुसरीकडे मिळत नाही.

त्या वर्षीची शेवटची गोष्ट मात्र एप्रिलातली नाही, नोव्हेंबरातली आहे. हिवाळी परीक्षा तोंडावर होती. परिवाराने वर्ष भरायच्या आतच वर्धापनदिन ठरवला आणि 'लाभार्थी विद्यार्थिनी' म्हणून नसरीनचा सत्कार करायचं ठरवलं. ती नापास झाली आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शाल, श्रीफळ, मनोगत पाच मिनिटं. मी मुद्दाम म्हटलं, पत्रिका मी नेऊन देते. मला तिच्यासमोर बसून त्यांना नावं ठेवायची होती.

मूर्तिजापूरला कोवळं ऊन होतं. रस्त्याने कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चाललेल्या, बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले. युनूसभाईंच्या ओसरीवर रुईचा ढीग होता आणि त्याच्या पलीकडे, भिंतीला टेकून, शेजारची सुमनबाई वाचत बसली होती. चाळिशीची बाई, दवाखान्यात झाडझूड करते, सातवी शिकलेली. मांडीवर तेच पुस्तक, लायब्ररीचं. मी परत केलं त्याच आठवड्यात नसरीनने ते आणवलं होतं. सुमनबाई ड्यूटीवरून आली की रोज वाचायची, मिरच्यांचे देठ काढता काढता. एका अक्षरावर बोट ठेवून दुसऱ्यावर जायची. 'अर्थव्यवस्था' तिच्या तोंडात दर वेळी वेगळी व्हायची. पण ती सगळं वाचत होती. तक्ता आला की आडव्या ओळी, मग उभ्या ओळी, आकडा आकडा. खालच्या टिपा. पानाचा नंबर. मुद्रकाचं नाव आणि पत्तासुद्धा तिने वाचून दाखवला होता, कारण पुस्तकात तो होता.

चहा झाला. मी पत्रिका दिली, त्यावर काय लिहिलंय ते सांगितलं, आणि मग सुटले. तारे सरांचा माइक, गावंड्यांचं लेटरहेड, उपसमिती. नसरीन हसत होती. सुमनबाईही हसली. मी म्हटलं, मी या लोकांशी कशी भांडले, ते तुला माहीतच आहे.

"माहीत हाये ना," ती म्हणाली. मग विचारलं, "मॅडम, त्या टायमाले हे पुस्तक तुमच्यापाशी होतं ना?"

"हो. माझ्याकडेच होतं."

"अन् नवीनवालं?"

"तेही."

तिने मान हलवली. गाडी किती वाजता आहे हे विचारावं, तसं विचारलं होतं तिने. आवाजात राग नव्हता. सुमनबाईने उगाच पुस्तकाची पानं सारखी केली. मी म्हणायला गेले की तुला काय सांगू, त्यांची चूक त्यांच्या पदरात घालणं मला फार गरजेचं वाटलं, पण ते वाक्य मलाच ऐकवेना.

"फोन मेसेज वाचून दाखवते ना मले," नसरीन म्हणाली. "बाकीच्यायचे मी पुढं सरकवून देत जाव. तुमचे मात्र पुरे आयकले, सगळेच्या सगळे. लय मोठे राहात होते, पानाचे नंबर-गिंबर सगळं. काही काही तं दोनदा आयकले."

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"मले वाटे, पुढच्या मेसेजात तरी तुमी ते बारा पानं वाचाले सुरू करसान."